मोतीचे उपास

हसणार नसाल तर सांगतो. मी आमच्या कुत्र्याला एकादशी करायला लावली होती. हो, कुत्र्यालाच.

झालं असं की मोती फार फुगला होता. ओट्याची पायरी चढला की धापा टाकायचा. टांग्यात घालून त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "याचा अधलामधला खाऊ आवरा. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही."

आम्हाला मूलबाळ नाही, घरात लेकरू म्हणायचं ते हेच.

आता मी पडलो इंग्रज साहेबाच्या हाताखालचा हेडक्लार्क. हुकूम ऐकायची सवय कचेरीत, सोडायची घरी. आई आणि बायकोला समोर बसवून जाहीर केलं, "रोज गुळपापडीची एकच वडी, तेही माझ्या हातानं. अन् सोमवारी, एकादशीले त्याले कडक उपास."

दोघींनी माना डोलावल्या. मी स्वतःवरच खूश!

पण मोती काही अंगानं उतरेना. म्हणून मी उपास वाढवले. गुरुवार धरला, मग शनिवार, मग चतुर्थी. शेवटी तर तो पायरी चढेचना, खालीच बसून राहायला लागला.

"तू देतं काय वं याले काही?" मी बायकोला विचारलं.

"नाही बाप्पा. उपासाच्या दिवशी तेवढा शेंगदाण्याचा लाडू. उपाशी जीव माह्याकडे पाहून राहते, मग काय करू?"

आई म्हणाली, "मीही शिंगाड्याचा शिरा घालतो थोडा. उपासवाल्याले फराळ नाही द्यायचा, असं कुठं असते गा?"

"अन् तुमच्या ताटातली रताळी कोण खाते हो?" बायकोनं विचारलं.

रताळी मीच चारत होतो, वर तूप-साखर घालून! बिचारा एका वडीवर राहायचा तो फक्त बिनउपासाच्या दिवशी, आणि असे दिवस मी ठेवलेच किती होते?

बायकोनं सगळे उपास मोडले, फडताळाला कुलूप लावलं आणि रोज सकाळी मला आणि मोतीला तेलंगखेडीच्या तलावाकडे फिरायला पिटाळलं. हळूहळू मोती पायरी चढायला लागला. एके दिवशी कचेरीतून आलो तर त्यानं दारातच अंगावर उडी घेतली. मी आत जाऊन बायकोला चक्क हात जोडले. तिचे उपकार आजही विसरलो नाही.

फडताळाची किल्ली अजून तिच्याच कमरेला आहे. संध्याकाळी मोतीला अख्खी वडी मिळते, मला अर्धी. काहून म्हणून विचारलं, तर म्हणते, "तो उतरला हो. तुम्ही कुठं उतरून राहिले?"