आतून निळा

निळ्या रंगाचा इतका कंटाळा आणि निळ्या रंगाचं इतकं वेड एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदताना मी तरी फक्त माझ्या बायकोच्या मामांच्या ठिकाणी पाहिलंय. मामांनी उभी हयात उल्हासनगरात जीन्सला रंग देण्याच्या कारखान्यात काढली. शिवून आलेल्या पँटी टाकीत सोडायच्या, घोळवायच्या, उपसायच्या आणि वाळत घालायच्या. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. कोपरापर्यंतचा निळा रंग त्यांनी आयुष्यभर हातमोज्यासारखा बाळगला. त्यांच्या लग्नात हळद लावली तेव्हा हात पिवळे व्हायच्याऐवजी हिरवे झाले आणि मांडवातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या, असं मामी अजून सांगतात. ते सांगताना त्या स्वतः मात्र हसत नाहीत. मामांचे कपडे त्यांनी जन्मभर वेगळ्या बालदीत धुतले आणि तरी उशीचे अभ्रे कधी पांढरे राहिले नाहीत.

रस्त्याने चाललेल्या पोराच्या पँटीकडे बघून ती किती वेळा धुतली आहे आणि कुठल्या घाईत रंगवली आहे, हे मामा सांगत. लग्नाच्या पंगतीत माणसं कोशिंबिरीला मीठ कमी आहे का बघतात, मामा नवरदेवाच्या सुटाचा निळा 'दोन टाक्यांत बुडवलाय का एकाच टाकीत' ते बघत. असा माणूस निवृत्त झाल्यावर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून स्वस्थ बसेल, असं कुणालाही वाटलं असतं. मामांनी कोंबड्या पाळल्या. बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्यांचं घर आहे. त्याच्या मागे दोन नव्या टॉवरांच्या मधोमध जमिनीची एक पट्टी उरली आहे. दुपारी एका टॉवरची सावली तिच्यावर येते, संध्याकाळी दुसऱ्याची. तिथे खुराडं बांधून मामांनी निळी अंडी देणारी कोंबडी जन्माला घालायचं ठरवलं.

"जावई, वतलेला निळा लय बघितला," ते मला म्हणाले. "आता आतून आलेला बघायचाय. एकदाच."

निळी अंडी देणारी कोंबड्यांची जात असते, हे त्यांना मोबाइलवर कळलं होतं. नाशिककडच्या कुणा शौकिनाकडून त्यांनी त्या जातीचा एक कोंबडा आणवला. तो भोकं पाडलेल्या आंब्याच्या पेटीतून आला. दिसायला मळकट करडा, आवाज बसलेला, निळं असं अंगावर काही नाही. कोंबडा रंग दाखवत नाही, मामा समजावत. तो त्याच्या आत असतो आणि त्याच्या लेकी अंडी घालायला लागल्या म्हणजेच कळतो. "म्हणजे खरा का खोटा ते कळायला पोरी मोठ्या व्हाव्या लागणार," मामी म्हणाल्या. "लय पुरुषांचं असंच असतं."

मग सुना शोधणं आलं. मामांना पांढरी अंडी देणाऱ्या गावठी कोंबड्या हव्या होत्या, कारण तपकिरीवर निळा चढला की हिरवा होतो, आणि हिरव्याचा अनुभव त्यांना लग्नातच आला होता. पांढऱ्या अंड्याची कोंबडी कानाच्या पांढऱ्या पाळीवरून ओळखायची. त्यासाठी ते मला घेऊन बारवी धरणाकडच्या पाड्यांवर हिंडले. एका म्हातारीच्या दारात तिची कोंबडी काखेत धरून मामा चष्मा सारून तिचे कान बघत बसले. "कापाया व्हवी का पालाया?" म्हातारीने विचारलं. "लग्नाला," मामा म्हणाले. म्हातारीला वाटलं लग्नाच्या जेवणाला, म्हणून तिने कोंबडी परत घेतली. ती तिची लाडकी होती. लग्न कोंबडीचंच आहे हे कळल्यावर तिने कोंबडी दिली आणि वर "सुखात ठेवा" असंही बजावलं. मामांनी त्या कोंबडीला वर्षभर सुखात ठेवलं, याला मी साक्षी आहे.

रविवारी मी अंबरनाथहून जायचो तेव्हा मामा पालथ्या टपावर बसलेले असायचे, डोळे अर्धे मिटलेले, पायाशी त्या कोंबड्याच्या लेकी, नुकत्या मोठ्या होत असलेल्या तलंगा, कणी टिपताहेत. त्यांची नावं त्यांनी जीन्सच्या छटांवरून ठेवली होती: आइसब्लू, कार्बन, मिडनाइट, स्टोनवॉश. त्या अंडी घालण्याच्या वयाला यायच्या होत्या आणि मामा निव्वळ वाट बघत होते. बोलणं फार होत नसे. टॉवरची सावली अंगणावरून हळूहळू सरकायची, कुठूनतरी प्रेशर कुकरची शिट्टी व्हायची आणि मलाही वाटायला लागायचं की आज काहीतरी निळं होणार. तिथून उठून घरी यावंसं वाटत नसे. एवढं खरंखुरं स्वस्थ मला दुसरीकडे कुठे बसता आलेलं नाही.

निळं काही होत नव्हतं. आइसब्लूने पांढरं अंडं घातलं, कार्बनने पांढरं, मिडनाइटने चक्क तपकिरी. उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि आंब्याच्या पेटीतून आलेला कोंबडा गेला. मामांनी त्याला चिकूच्या झाडाखाली पुरलं आणि दोन दिवस दाढी केली नाही. त्यानंतर अंगणात शेजारचा तांबडा गावठी कोंबडा तेवढा येऊन-जाऊन असे. आता राहिली स्टोनवॉश, ठिपक्याठिपक्यांची, जरा फेंगडी, कुणी हिशेबातही न धरलेली. तिने एका सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात निळं अंडं घातलं.

पहाटेच्या आभाळाचा असतो तसा फिका, शांत निळा. मामा ते दोन्ही हातांत घेऊन घरात आले आणि मामींसमोर धरलं. मामींनी अंड्याकडे बघितलं, मग मामांच्या हातांकडे. "रंग कुठं लपवून ठेवलाय?" त्या म्हणाल्या.

याला कारण होतं. मुलगी लहान असताना तिने निळ्या कबुतराचा हट्ट धरला, तेव्हा मामांनी एक पांढरं कबुतर कारखान्यातून रंगवून आणलं होतं. चार दिवसांत ते रंग सोडायला लागलं आणि पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. "ते कबूतर मी इसरले नाय," मामी म्हणाल्या. शेजाऱ्यांनीही हसून घेतलं. मामांचा जुना सिंधी शेठ उल्हासनगरहून मुद्दाम स्कूटरवरून आला, अंगठा ओला करून अंड्यावर घासला आणि म्हणाला, "मास्तर, साईं, कमाल का पक्का माल है. मेरे को तो बताओ, कौन-सा डाय मारा?" तो मनापासून कौतुक करत होता. मामांचा चेहरा एवढासा झाला. खरं सांगतो, विश्वास माझाही बसला नव्हता.

"ह्याचा रंग कवचातून आरपार असतो," मामा मला बाजूला घेऊन म्हणाले. "फोडलं तर आतून पण निळा दिसंल. शेठ जाऊ दे, शेजारी जाऊ दे. हिला पटलं पायजे."

फोडायला हरकत नव्हती. दुसरं आलंच असतं. पण तिसऱ्या दिवशी भर दुपारी मुंगसाने स्टोनवॉशला नेलं. त्या दोन दिवसांत तिने दुसरं अंडं घातलं नव्हतं. आता सगळ्या जगात मामांचा निळा तेवढ्या एका अंड्यात उरला होता. ते फोडावं तर मामींना पटेल, पण वंश तिथेच संपेल. न फोडावं तर मामा जन्माचे रंगारी ठरतात.

"फोडा की," मामी म्हणाल्या. "खरं आसंल तर दिसंल." त्यांनी वाटी पुढे सरकवली. मामांनी अंडं वाटीच्या काठावर नेलं. मग त्यांनी अंडं बंडीच्या खिशात अलगद ठेवलं. "नाय पटत तर नको पटू दे," ते म्हणाले आणि मागच्या अंगणात जाऊन त्यांनी ते खुडूक बसलेल्या आइसब्लूच्या पोटाखाली सरकवलं. पुढचे तीन आठवडे मामा टपावरून फारसे उठले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा मामा कणी आणायला बाजारात गेले होते. मामी खुराड्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. आइसब्लूच्या पंखाखालून एक ओलं पिल्लू डोकावत होतं आणि मामींच्या तळहातावर अर्धं कवच होतं. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि कवच आतून घासलं, सावकाश, पुन्हा पुन्हा. पदराला निळं काही लागलं नाही. मामा पिशवी घेऊन आले तेव्हा मामींनी तळहात पुढे केला आणि म्हणाल्या, "आतून पण हाय हो." मामा टपावर बसले आणि आपल्या रंगाऱ्याच्या हातांनी डोळे पुसत राहिले.

ते पिल्लू कोंबडा निघालं. तांबडा, दांडगा, आवाजाचा खणखणीत. म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं: त्याच्यासाठी सुना, मग त्यांच्या लेकी, मग त्यांची अंडी. मामा पुन्हा टपावर जाऊन बसले आहेत. परवा गटारीला पाव्हणे आले आणि एकाने खुराड्याकडे बघून हा कोंबडा चांगला भरलाय म्हटलं, तेव्हा मामी स्वयंपाकघरातून थेट बाहेर आल्या. "त्याला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "आतून निळा हाय तो."

नंतर मागच्या अंगणात मामा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आसंल किंवा नसंल, जावई. आईचा रंग अर्ध्याच पोरांत उतरतो. हिला नाय बोललो मी." समोर मामी त्या तांबड्या कोंबड्याला हाताने कणी भरवत होत्या. मीही अजून त्यांना काही बोललेलो नाही.