पुड्याआडचा दात

लेकीच्या साखरपुड्यात मी साखरेचा पुडाच तोंडासमोर धरला. फोटोग्राफर "काका, हसा की जरा" म्हणाला आणि हात आपोआप वर गेला. माझा पुढचा एक दात शेजारच्यावर चढून बसलाय. कॉलेजपासून मी त्याला मिशीखाली सांभाळतोय. आता अल्बममध्ये व्याह्यांच्या शेजारी सोनेरी कागदाचा पुडा उभा आहे, आणि त्याला माझे कान आहेत.

लग्नाला अजून अवकाश आहे, म्हणून परवा गुपचूप दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा फोटो काढून कॉम्प्युटरवर दात सरळ करून दाखवले. पडद्यावरचा माणूस माझ्याच चेहऱ्यानं हसत होता, छान दिसत होता, पण ओळखीचा वाटेना. तेव्हापासून चैन नाही. आरशासमोर ओठ मिटतो, पुन्हा उघडतो. हसताना माणूस स्वतःला दिसत तरी कुठे असतो? मग इतकी वर्षं मी कुणापासून लपत होतो?

शेवटी बायकोला सांगून टाकलं. ती अल्बम चाळता चाळता लेकीच्या फोटोवर थांबली. लेक तोंडभर हसत होती, आणि तिचाही तोच दात तसाच चढलेला.

"घ्या की सरळ करून," बायको म्हणाली. "फक्त आधी तिला सांगा, तुमच्यावर गेलेला तिचा दात लपवण्यासारखा आहे म्हणून."