अश्वजित पेंटरने काढलेला जिवंत माणूस

मेडशीत कुणी वारलं की लोक आधी लाकडं पाहतात आणि मग अश्वजित पेंटरला फोन लावतात. पूर्वी अश्वजितदादा दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, निवडणुकीच्या भिंती, सगळंच रंगवायचा. फ्लेक्स आले आणि ते सगळं गेलं. उरले फक्त मेलेले. तेरवी असो की पुण्यानुमोदन, हाताने काढलेला फोटोच पाहिजे, असा आमच्याकडे अजून हट्ट आहे.

घरचे लोक आधार कार्ड आणून देतात. आधार कार्डावर चोर दिसणारा माणूसही अश्वजितदादाच्या हातून निघाला की संत होऊन निघतो. ओठ मिटलेले, डोळे जरा खाली, डोक्यामागे पिवळा उजेड, खाली दोन समया. लेकी-सुना पाहतात आणि म्हणतात, “बाबा इतके शांत तं कधीच नव्हते.” ही तारीफ असते.

मेलेले शांत, पण पेंटर वैतागलेला. दातात ब्रश धरून बोलायची त्याला सवय. ओठ मिटत नाहीत, त्यामुळे त्याच्या बोलण्यात प, ब, म सापडत नाहीत. शिव्या मात्र सगळ्यांना नीट समजतात. रंग घट्ट झाला, शिडी हलली, कुणी मागे उभं राहून “नाक मोठं झालं” म्हणालं, की ब्रशाआडून सुरू.

यंदा सरपंच वैजयंतीताईंनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला एसटी स्टँडच्या भिंतीवर दौलतरावांचं चित्र असावं. ताई घरात आपल्यासारखंच बोलतात, पण हातात माइक नसतानाही माइक असल्यासारखं वाटलं की सुरू होतं: “आपण सर्वांनी कृतज्ञता ही त्या ठिकाणी व्यक्त केली पाहिजे.” ते ‘ठिकाण’ कोणतं, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

दौलतराव फौजेत ड्रायव्हर होते. कारगिलला दारूगोळ्याच्या गाड्या चालवल्या. पेन्शन घेऊन गावात आले, तेव्हापासून ते मेडशी दुरुस्त करत आहेत. एसटीत लाइन लावून चढा, रस्त्यावर तूर वाळू घालू नका, वरातीत डीजे बंद करा. अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी आणि सगळं जोरात. ग्रामसभेत ठराव एकमताने पास झाला. चित्र बोलत नाही, हे ठरावात लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

खरा खूश झाला अश्वजितदादा. जिवंत माणूस, आणि तोही भर स्टँडवर. ताईंनी लगेच दम भरला, की काम जमलं नाही तर मालेगावचा फ्लेक्सवाला तयार बसला आहे. त्याच्याकडे रणगाडा, विमान, वाघ सगळं रेडी, फक्त तोंड चिकटवायचं बाकी.

दौलतराव समोर बसायला तयार होईनात. मेंढरासारखं बसायला वेळ नाही, म्हणाले. मग अश्वजितदादाने माजी सैनिकाच्या ओळखपत्रावरचा फोटो मागून घेतला. डोक्यात जिवंत माणूस होता, पण हाताला मेलेल्यांची सवय. टोपी आली, मेडल आलं. पाठोपाठ मिटलेले ओठ, खाली गेलेले डोळे आणि पिवळा उजेडही आला. समयासुद्धा आल्या. स्टँडवर झाडू मारणाऱ्या कमलीबाईंनी चांगल्या मनाने खाली उदबत्ती लावली. कुणीतरी झेंडूचा हार खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी दौलतरावांची मावसबहीण ललिताबाई जऊळक्याहून अकोल्याला डोळे दाखवायला निघाली होती. एसटी मेडशीला थांबली. डोळे अधू असूनही तिला खिडकीतून नेमकं तेवढंच दिसलं. ती उतरली, उतरता उतरता तीन-चार घरी फोन लावले आणि रीतीप्रमाणे गल्लीच्या तोंडापासून रडणं सुरू केलं. “माह्या दादा वं... मले न भेटता गेला वं...”

दादा अंगणात मोटर दुरुस्त करणाऱ्याला झापत होते. त्यांनी वळून विचारलं, “कोन गेलं?”

ललिताबाई म्हणाली, “तुमीच.” आणि धपकन खाली बसली.

सांजेपर्यंत पाहुणे येतच राहिले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून जो तो घरून पिठलं-भाकरी बांधून घेऊन आलेला. दारात जिवंत दौलतराव पाहून बाया थबकायच्या. पण रडायला सुरुवात झालेली, मधेच थांबवणं बरं दिसत नाही, म्हणून जरा रडून घ्यायच्या. दौलतरावांच्या बायकोचा, भागिरथाकाकूंचा, दोन दिवसांचा स्वयंपाक वाचला, एवढाच काय तो फायदा.

दौलतराव तडक स्टँडवर आले. “काहून रे? मले काहून मारलं?”

“ई कुठं आरलं, काका?” ब्रश दातातच होता.

“पाह्य त्याच्याकडे. हा माणूस कोनासंग भांडू शकते का?”

भिंतीवरचा माणूस खरंच कुणाशी भांडला नसता. वैजयंतीताईही आल्या. गावाची शोभा झाली, उद्या चुना मारून घ्या, फ्लेक्स बोलावते, असं त्या साध्या वऱ्हाडीत म्हणाल्या, म्हणजे त्या खरंच चिडल्या होत्या.

अश्वजितदादाने दातातला ब्रश काढला. त्याचे प, ब, म त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. “ताई, मले दोन दिवस द्या. आजवर मी काढलेला एकबी माणूस तक्रार घेऊन आला नाई. हा आला. ह्याले पुसलं तं मी जल्मभर मेलेलेच काढत बसन.”

ताईंनी दोन दिवस दिले.

तो स्केचची वही घेऊन दौलतरावांच्या ओसरीत जाऊन बसला. दौलतराव खुर्चीत ताठ बसले, पण तोंड चालूच. पेन्सिल अशी धरतात का, पाठ सीधी कर, चप्पल लाइनीत ठेव. अश्वजितदादा कळवळला, “काका, घडीभर तोंड तं बंद ठेवा.”

आतून भागिरथाकाकू म्हणाल्या, “ते लढाईतबी बंद नव्हतं.”

मग ते निघालं. दौलतरावांनी तक्रार सांगावी तसं सांगितलं. डोंगरातला रस्ता, वरून तोफा, म्हणून गाड्यांचे दिवे बंद. एकाने पाठीवर पांढरा टॉवेल बांधून पुढे पायी चालायचं आणि मागच्या ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, दाबून घे, डावीकडे घे, रुक. आवाजामुळे ही ड्युटी नेहमी ह्यांच्यावर. मागचा ड्रायव्हर पेंगणारा, त्याला आईबापावरून शिव्या देऊन जागं ठेवायचं. “आपन चूप झालो का गाडी दरीत. साले आभार मानाच्या बदली कंप्लेंट करत, का हा लय बोंबलते.”

अश्वजितदादाने अर्धं झालेलं स्केच तसंच सोडलं. मग त्याने पान उलटलं.

भिंतीवर आता जो माणूस आला त्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. पाठीवर टॉवेल, मान मागे वळलेली, हात वर आणि तोंड सताड उघडं. मागे अंधारात ट्रकचं नाक. पिवळा उजेड गेला. स्टँडवर उभी असलेली माणसं न सांगता लाइनीत आली.

वैजयंतीताई म्हणाल्या, हे सन्मानाचं वाटत नाही, निदान ओठ तरी मिटवा. अश्वजितदादाचा चेहरा पडला. चुन्याची बादली तिथेच होती.

तेव्हा भागिरथाकाकू पुढे आल्या. एरवी स्टँडवर त्या बोलत नाहीत. “मिटलेलं मी पाह्यलं, ताई. घरात लोक रडून राह्यले होते. ह्याच तोंडानं गाड्या वर गेल्या. राहू द्या उघडं.”

ताईंनी चित्राकडे पाहिलं, दौलतरावांकडे पाहिलं, आणि बादली उचलून न्यायला सांगितली.

दौलतराव भिंतीजवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. शेवटी म्हणाले, “टॉवेलाची गाठ खाली झाली. अशी गाठ सुटते.”

अश्वजितदादाने गाठ वर घेतली. सव्वीस जानेवारीला भाषणं झाली, हार दौलतरावांच्या गळ्यात पडला आणि कृतज्ञता त्या ठिकाणी व्यक्त झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव पुन्हा स्टँडवर हजर. ट्रकचा बंपर चुकला होता. त्यानंतर आरसा, मग टोपीची तिरकी रेघ. अश्वजितदादा प्रत्येक वेळी कपाळाला हात लावतो, ब्रशाआडून काहीतरी अर्धवट पुटपुटतो, आणि शिडी लावतो.