पाटावरची मांडी

खुर्चीशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या मुलखात एकच झाला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. पिंपरीच्या नव्या कंपनीत ते फिटर होते, राहायला चिंचवड गावठाणात. न्हाव्याच्या दुकानात गेले तरी खाली पोत्यावर बसून हजामत करवून घ्यायचे. बिचारा न्हावी रांगत रांगत वस्तरा चालवी. कंपनीत ग्रुप फोटो निघाला तेव्हा साहेबानं आग्रहानं मधली खुर्ची दिली, तर हे तिच्यापुढं भुईवर ऐसपैस मांडी घालून बसले. तो फोटो बघावा तर रिकामी खुर्चीच यांच्यामागं अदबीनं उभी आहे असं वाटतं. "खुर्ची आजारी मानसाला," ते म्हणत, "धडधाकटाला भुई."

आणि अशा माणसाचा गुडघा जावा! पोरांच्या हुतूतूत "तुमाला पकड येत न्हाई" म्हणत हे धोतर खोचून शिरले आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीतलीच एक पट्टी काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवली. "माजीच पट्टी, माज्याच गुडघ्यात. कुनाचं उपकार न्हाईत," साडू ऐटीत सांगत. पण प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय मुसळासारखा ताठ, वाकायचं नाव नाही. इकडे थोरल्या लेकीचं, शालनचं, लग्न ठरलेलं. भटजी म्हणाले, "कन्यादानाला खुर्चीवर बसा, शास्त्राची हरकत नाही."

"शास्त्राची नसंल, माजी हाय. पाटावर मांडी बसंल तवाच लगीन."

दापोडीचे व्याही सज्जन, पण त्यांनी तरी किती थांबावं? तुळशीची लग्नं लागली की पहिला मुहूर्त धरा, नाहीतर आम्ही दुसरीकडं बघतो, असा त्यांचा निरोप आला. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

शालननं मात्र पदर खोचला. डॉक्टरांकडून सगळं नीट शिकून आली. सकाळ-संध्याकाळ ओसरीवर बापाच्या पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायला लावी, गुडघा शेकी आणि मग दोन्ही हातांनी दाबून वाकवी. साडूंची बोंब पार स्टेशनात ऐकू जाई. ही ढिम्म. "आबा, लगीन माजं आन् रडताय तुमी?" म्हणून आणखी दाबायची. शेवटी साडूंच्या अंगातला फिटर जागा झाला. त्यांनी विटा रचून वर पाट ठेवला. पाय भुईला टेकवून त्यावर बसायचं, गुडघा सरावला की खालची एक वीट काढायची. कामावर निघालेली माणसं सायकल थांबवून विचारत, "पाट कुठवर आला?"

लग्नाच्या दिवशी पाट भुईवर होता. साडू त्याच्यापुढं उभे राहिले आणि मांडवातल्या सगळ्यांनी माना उंचावल्या. मी आधाराला हात दिला, तो त्यांनी झटकला. हळूहळू खाली गेले, दुखरा पाय ओढून आत घेतला, तोंड लालबुंद झालं, आणि मांडी बसली. भटजींची खूण व्हायच्या आत वाजंत्र्यांनी सनई सुरू केली, व्याह्यांनीसुद्धा टाळ्या पिटल्या. साडूंनी चौफेर अशी नजर फिरवली की मलाच या माणसाचा साडू असल्याचा अभिमान वाटला.

कन्यादान झालं, पंगती उठल्या, तरी साडूंनी पाट सोडला नाही. जेवणाचं ताटही तिथंच मागवलं. पाठवणीची गाडी मांडवापुढं आली तेव्हा मी वाकून हात पुढं केला.

"उठा. शालन निघाली."

त्यांनी माझा हात घट्ट धरला, पण उठेनात.

"दुखतोय का?"

"न्हाई राव, गुडघा झ्याक हाय," ते खाली बघत म्हणाले. "पोरीनं एवढ्या मेहनतीनं बसवलंय. लगीच कसा उठू?"