कचरूसाठी काढलेला मुहूर्त

फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. नंबर परदेशातला, म्हणून कचरूचाच असणार असं समजून उचलला आणि नेहमीसारखं "काय रे, मेला नाहीस का अजून?" असं म्हणालो. आमच्यात असंच बोलणं चालायचं. पलीकडं कोणीतरी घसा खाकरला. "अनंतभाई बोल रे क्या? मैं अन्वर, कचरूभाई का रूमवाला..." अन्वर हैदराबादचा, त्याला मी व्हिडिओ कॉलमध्ये दोनचारदा मागं कांदा कापताना पाहिलेलं. म्हणाला, "भाई, कचरूभाई नै रहे. सुबू जिने पे बैठे सो उठेच नै." मी त्याला तीन वेळा तेच विचारलं आणि त्यानं तीन वेळा तेच सांगितलं. मग म्हणाला, भाभींना कसं सांगावं कळेना, कचरूभाईंच्या मोबाइलमध्ये पहिलं नाव तुमचं होतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि साहेबांना न सांगता बाहेर पडलो. कचरूच्या बायकोला, सुभद्रावहिनींना सांगायचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं आणि ते मीच करणं भाग होतं, त्याचं कारण पुढं येईलच.

कचरू आणि मी करमाडच्या शाळेत एका बाकावर. माझे वडील गावचे जोशी, कचरूचे वडील मेंढरं राखायचे. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं. कचरा म्हटल्यावर मरण तिकडं बघणार नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. हे त्यानं आखातात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं म्हणे. मला मात्र तो "जोशीबुवा" म्हणायचा, कारण चौथीत असताना मी वर्गाच्या सहलीचा दिवस पंचांगात बघून चुकीचा ठरवला होता आणि वेरूळला पोचेपर्यंत सगळे भिजलो होतो. त्यावरून त्यानं मला आयुष्यभर छळलं. आणि तरी त्याच्या घरातलं कुठलंही कार्य माझ्या वडिलांना विचारल्याशिवाय झालं नाही आणि वडील गेल्यावर मला विचारल्याशिवाय झालं नाही. मी काही भटजी नाही. पाटबंधारे खात्यात कारकून आहे, पंचांग मला अर्धंमुर्धं येतं. पण त्याला कोण समजावणार! "तुझ्या बापाचं पंचांग हाय ना घरी? मग बघ," एवढंच म्हणायचा.

आयटीआय करून, बरीच वर्षं इथंतिथं कामं करून तो शेंद्र्याच्या कारखान्यात कंत्राटावर लागला, तिथं आठ वर्षं काढूनही कायम झाला नाही, म्हणून चाळिशीत एसी दुरुस्तीच्या कामावर आखातात गेला. देशाचं नाव मी लिहीत नाही, तिथं अजून आपली बरीच माणसं आहेत. उंच इमारती, कंपनीची बाराव्या मजल्यावरची खोली, खोलीत सहा जण. दोन वर्षांतून एकदा महिनाभराची रजा, तिकीट कंपनीचं. सुट्टी शुक्रवारी, त्यामुळं दर शुक्रवारी दहाच्या सुमारास त्याचा फोन यायचा आणि मी कागद हातात घेऊन, कामाचंच काही असल्यासारखा, जिन्यात जाऊन बोलायचो. तो तिथलं काय सांगायचा? भाज्यांचं. की इथं मेथी मिळते पण ती मेथी नाय. की अन्वर खिमा लई भारी करतो, पण मिरची म्हणजे निस्ता जाळ. अकरा वर्षांत त्यानं एकदाही कंटाळलो असं म्हटलं नाही. हे त्याच्या मोठेपणाचं म्हणून सांगत नाही, मला कधीकधी त्याचा रागच यायचा. माणसानं कधीतरी रडावं की नाही?

शेंद्र्याच्या वसाहतीच्या मागं त्यानं एक प्लॉट घेतला आणि तुकड्यातुकड्यानं घर बांधलं. एका रजेत पाया, पुढच्या रजेत भिंती, तिसऱ्यात स्लॅब. मध्येमध्ये गवंड्याला फोनवरून शिव्या. सुभद्रावहिनी तोवर मुकुंदवाडीत एका भाड्याच्या खोलीत राहिल्या, तिथंच लेक मोठी झाली, तिथूनच तिचं लग्न झालं. गेल्या वर्षी फरशी बसली, रंग झाला. राहिली ती वास्तुशांत. कचरूचं म्हणणं असं की राहायला म्हणून घराचा उंबरा पहिल्यांदा आपण दोघांनी मिळून ओलांडायचा, तोवर कोणी तिथं राहायचं नाही. वहिनी दर सोमवारी जाऊन झाडून यायच्या आणि कुलूप लावायच्या. मी म्हणायचो, अरे, घर काय देवघर आहे का? तर म्हणायचा, "तुला नाय कळायचं. तू जन्मला तोच घरात. आमचा बाप पावसाळा सोडला तर कधी भिंतीच्या आत झोपला नाय."

आणि मग तिकडचं सगळं बिघडायला लागलं. दोन शेजारी देश, वर्षानुवर्षं एकमेकांना धमक्या देणारे, आणि कचरूचा देश त्यांच्या मधोमध, कोणाच्या भांडणात नसलेला. सुरुवातीला तो हसण्यावारी न्यायचा. म्हणायचा, इथं टीव्हीवर काय बी दाखवत नाहीत, तुमच्याकडंच जास्त युद्ध चालू हाय. मग एका शुक्रवारी म्हणाला, कंपनीनं खोलीत पाण्याचे कॅन भरून ठेवायला सांगितलंय. पुढच्या शुक्रवारी, वकिलातीत नावं लिहून आलो. लोक दुकानातून तांदळाची पोती उचलत होते. कामावर जाताना कोणी कोणाशी बोलत नाही म्हणाला, लांडग्याचा वास आला की मेंढरं कशी एकमेकांना चिकटून गप उभी राहतात, तशी माणसं झालीत. त्या दिवशी मला त्याच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. जाणवलं आणि मी ते सोडून दिलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. अधिक महिना लागून पाच-सहा दिवस झाले होते. शुक्रवार नव्हता, तरी त्याचा फोन आला. म्हणाला, "अनंता, कंपनी म्हणती ज्याला जायचं त्यानं आत्ता जा. महिन्याची रजा देतो, तिकीट देतो. पण मग ही रजा संपली, पुन्हा दोन वर्षांनी." मी म्हणालो, मग ये की. तो म्हणाला, "येतो. धोंड्याचा महिना हाय, लेकीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच, जावयाला धोंडे खायला घालतो अन् त्याच रजेत घरात बी शिरतो. तू दिस काढ." आणि मी... मी पंचांग बघितलंसुद्धा नाही. तोंडपाठ होतं तेवढं म्हणून टाकलं. म्हणालो, अधिकात वास्तुशांत नसते. अकरा वर्षं थांबलास, आणि घराची सुरुवातच अशी करणार का? महिना संपला की लगेच दहा दिवसांनी उत्तम मुहूर्त आहे, आत्ता आलास तर त्याआधीच रजा संपेल, तेव्हाच्या हिशोबानं माग. तो म्हणाला, "तवर काय व्हईल, सांगता येत नाय रे." मी म्हणालो, काही होत नाही, हे लोक दरवर्षी असंच करतात. "बघ बरं," तो म्हणाला. "तू म्हणतो तर थांबतो."

माझे वडील असते तर त्यांनी असं केलं नसतं. एकदा गावात एका मुलीचं लग्न भलत्याच महिन्यात लागलं, कारण तिचा आजा शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याला अक्षता टाकायच्या होत्या. बाकीचे भटजी नाही म्हणाले. वडिलांनी अर्धा तास पंचांग चाळलं आणि वाट काढून दिली. आई म्हणाली, कुठल्या ग्रंथात आहे हे? तर म्हणाले, अडल्या माणसाला वाट सापडावी म्हणून पंचांग असतं, अडवायला गावात पाटील आहे. मला हे माहीत होतं. घरात कलश ठेवून शिरता येतं, होमहवन मागाहून करता येतं, हेही माहीत होतं. पण ज्याला अर्धवट येतं तो नियमाला जास्त घट्ट धरतो. त्या दिवशी मला कचरूपुढं पक्का जोशी व्हायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. मी शोधून पाहिलं, नाही सापडलं.

दोन आठवड्यांनी आकाश बंद झालं. विमानं थांबली. आता त्याला यायचं म्हटलं तरी येता येत नव्हतं. शेवटच्या शुक्रवारी त्यानं खिडकीतून आभाळ दाखवलं, तिथं काही नव्हतं, पांढरं ऊन होतं. म्हणाला, काल दिवसभरात तीनदा भोंगा वाजला. भोंगा वाजला की लिफ्ट बंद करतात, बारा मजले उतरून तळघरात जायचं, परत चढून यायचं. "गुडघे गेले राव. मेंढरामागं एवढं पळालो नसंल." मी विचारलं, छातीत वगैरे काही? तर म्हणाला, "धाप लागती, दुसरं काय नाय. वहिनीला सांगू नको." स्वतःच्या बायकोला तो माझ्याशी बोलताना वहिनी म्हणायचा. मी रजेबद्दल काही बोललो नाही, त्यानंही विषय काढला नाही. नंतरच्या मंगळवारी सकाळी परत वर चढताना सातव्या मजल्यावर तो बसला. अन्वर म्हणतो, दम खातायत असं वाटलं, म्हणून सगळे बाजूनं वर गेले.

देह यायला एकोणीस दिवस लागले. आकाश थोडं उघडल्यावर मुंबईपर्यंत विमान आणि तिथून ॲम्ब्युलन्स. करमाडला माती झाली तेव्हा मी काढलेल्या मुहूर्ताला तीन दिवस उलटून गेले होते. त्या एकोणीस दिवसांत गावातली माणसं मला एकच विचारत होती, की सुतक कधीपासून धरायचं, बातमी आल्यापासून की माती झाल्यापासून? दहावा कधी घालायचा? मी म्हणालो, मला विचारू नका, दुसऱ्या कोणाला विचारा. लोकांना वाटलं दोस्त गेला म्हणून याचं चित्त ठिकाणावर नाही. एक म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्या हाताखाली मला उभं राहवेना.

तेराव्यानंतर वहिनींना तोंड दाखवायचं मी टाळलं. कामाचं निमित्त, प्रवासाचं निमित्त. शेवटी एका रविवारी सकाळी त्या स्वतःच आमच्याकडं आल्या. सिडकोतलं आमचं घर त्यांना सापडायला अवघड गेलं असणार, घामाघूम झाल्या होत्या. बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "भाऊजी, मुकुंदवाडीची खोली सोडायचीय, मालकाला त्याच्या पोरासाठी पायजे. त्या घरात जाया लागतंय. चांगला दिस सांगा."

मी पंचांग काढलं. चातुर्मास लागलेला, घरात मृत्यू होऊन वर्ष झालेलं नाही, सगळ्या बाजूंनी नाही. मला तो कागद दिसेचना. पंचांग मिटून मी म्हणालो, वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. आणि सगळं सांगितलं. तो येत होता, मी थांबवलं. माझ्या बायकोच्या हातातला कप तसाच राहिला, तिलाही ठाऊक नव्हतं.

सुभद्रावहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. त्याच दिशी फोनवर सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणले, अनंतानं दिस काढलाय, त्याच्या आधी नाय यायचं."

"मग इतके दिवस मला काहीच कशा बोलल्या नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्हीच बोलाल म्हणून वाट बघितली." मग म्हणाल्या, "त्यांनी तुमचा शब्द मोडला नाय, भाऊजी. मी बी मोडायची नाय. सांगा दिस."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "उद्या."

"उद्या?"

"हो, उद्या चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. ज्या बाईचं लहानपण मेंढरामागं उघड्या रानात गेलं, तिला चंद्र कुठं आहे हे काय पंचांगात बघावं लागतं? त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणून चहा घेतला.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही तिघं तिथं होतो, वहिनी, मी आणि माझी बायको. वहिनींनी कुलूप उघडलं, पाण्याचा कलश हातात घेऊन उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला. आत शेगडी मांडली, पातेल्यात दूध ठेवलं आणि आम्ही तिघंही ते वर येण्याची वाट बघत उभे राहिलो. दूध उतू गेलं, वहिनींनी शेगडी बंद केली. घरात शिरायला एवढंच लागतं. पाच मिनिटांत झालं. कचरूला महिन्याची रजा मिळत होती.