चंद्रीची परवानगी

माझ्या दुकानात फुटक्या भांड्यांची मोड साचते, तसे माझ्याकडे किस्से साचतात. कोणी चेपलेला तांब्या आणून टाकतो, कोणी कान तुटलेली कढई. आपण कोपऱ्यात सारत जातो आणि एक दिवस दार उघडेनासं होतं. गेली सहा वर्षं मी रोज सकाळी आमच्या बोरी अरबच्या समाजभवनात योगाला जातो. तिथल्या किश्श्यांचं तसंच झालं आहे. आज थोडा माल बाहेर काढतो. मी सातवी पास माणूस. भाषेची कल्हई पाहू नका, वजन पाहा.

*

योग शिकवतात वनमाला सिस्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या. दरवर्षी दहा दिवस कुठेतरी मौनात जाऊन बसतात आणि आल्यावर आम्हाला बसवतात. अर्ध्या गावाला त्यांनी लहानपणी सुया टोचल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर नाही म्हणायची कोणाची टाप नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सगळे डोळे मिटून ध्यानात. बाहेर रस्त्यावर कोणाचा तरी डबा पडला, ठण्णकन. मी डोळे मिटूनच बोलून गेलो, "हलका पत्रा हाय. आपल्या दुकानातला नाई."

हॉलमध्ये खसखस पिकली. सिस्टरचा आवाज मात्र शांत. "शेठ, डोळ्याले शटर असते तसं कानालेही असते. थे बी खाली घ्या."

मी घेतलं. आजही बाहेर काही पडलं की मनातल्या मनात जाडी ठरवतो, पण तोंड बंद ठेवतो. सिस्टर म्हणतात, एवढी प्रगती पुष्कळ झाली.

*

दुसरे आमचे डिगांबरभाऊ. एसटीतले रिटायर कंडक्टर. गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नाही, सगळे कंडक्टरच म्हणतात.

वृक्षासन होतं. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मांडीला लावायचा, हात वर जोडायचे. आम्ही सगळे वाऱ्यातल्या तुरीसारखे हलतोय. मी भिंत धरलेली. कॉलेजात जाणारी दोन धडधाकट पोरं आली होती, तीही आपटली. आणि पोट सुटलेले कंडक्टर मात्र एका पायावर उभे, वर शेजारच्याशी कापसाच्या भावाच्या गोष्टी करत.

सिस्टर म्हणाल्या, "कंडक्टर साहेब, हे कोठी शिकले?"

"शिकाचं काय त्याच्यात? तीस वर्षं दारव्हा ते उमरखेड उभा राहून तिकिटं फाडली. हे जमीन तर हलत बी नाई."

*

मागच्या उन्हाळ्यात सिस्टरनी जाहीर केलं, मे महिन्यात आपण ऋषिकेशला जायचं. आठ दिवस आश्रमात राहायचं, गंगेच्या काठावर योग करायचा. पेरणीच्या आत परत.

पहिलं नाव कोणी द्यावं? कमलवहिनींनी.

या वहिनी म्हणजे माझा शाळेतला दोस्त साहेबराव, त्याची बायको. सहा एकर कापूस-सोयाबीन आणि एक म्हैस. साहेबराव रोज सकाळी वहिनींना मोटारसायकलवर हॉलपर्यंत सोडायचा आणि योग संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली थांबायचा, आमच्याकडे पाठ करून. "चाल ना आत," म्हटलं की म्हणायचा, "मी शेतात वाकतो थे काय कमी हाय?"

वहिनींनी नाव दिलं आणि हॉलमधल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कारण ती म्हैस, चंद्री. चंद्री वहिनींशिवाय कोणालाच धार काढू देत नाही. वहिनींचं माहेर तीस किलोमीटरवर, पण चंद्री आली तेव्हापासून त्या तिथे एक रात्र राहिल्या नव्हत्या. भाचीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या धारेला घरी. घरातलं दूध डेअरीला जातं, त्यावर घर चालतं. म्हैस आटली तर कोणाला सांगणार?

मी साहेबरावला विचारलं, "तुझी ना नाई ना?"

"माही कायले ना? जाय म्हनतो मी तर. चंद्रीले विचार म्हना तिले."

*

मग आम्ही सगळे चंद्रीच्या मागे लागलो. वहिनींच्या शेजारी राहणाऱ्या जाऊबाईनं प्रयत्न केला. बादली गोठ्याच्या बाहेर गेली. कंडक्टरनी सांगितलं, रेडिओ लावा. लावला. चंद्रीनं कान टवकारून बातम्या ऐकल्या, पण पान्हा सोडला नाही.

मी व्यापारी माणूस. म्हटलं, गिऱ्हाईक अडलं की आधी त्याला बसवावं, चहा पाजावा. सरकीची ताजी ढेप आणली, स्वतः हातानं चारली. चंद्रीनं सगळी ढेप खाल्ली, टोपलं चाटलं. साहेबराव धार काढायला खाली बसला, तर ती पाय उचलून बाजूला सरकली.

चहा पिऊन, भाव विचारून निघून जाणारी गिऱ्हाइकं मी आयुष्यभर पाहिली. म्हैस पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी वहिनी सिस्टरना म्हणाल्या, "माह्यं नाव खोडून टाका."

सिस्टर म्हणाल्या, "माह्याजवळ पेन नाई."

*

प्रवासाचा सिस्टरचा एकच नियम होता. आपली बॅग आपण दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची, दहा श्वास. "जमलं त्याची बॅग बरोबर. नाई जमलं तर सामान तरी कमी करा, नाई तर माणूस."

ही परीक्षा माझ्या दुकानात झाली, कारण मी कुठलीही वस्तू हातात धरली की वजन सांगतो. काटा नंतर लावायचा. माझीच बॅग आधी घेतली. तिसऱ्या श्वासाला हात खाली. सिस्टरनी चेन उघडली. सहा स्टीलचे ग्लास, दोन तांबे, एक डबा.

"शेठ, तिथं पानी प्याले भांडे भेटतात."

"भेटतात, पन पत्रा कसा असन काय सांगता येते?"

सगळं परत मांडणीवर गेलं. कंडक्टरची बॅग तर रुमालासारखी. "दुसरा ड्रेस कोठी हाय?" विचारलं तर म्हणाले, "आतून घातला हाय."

सगळ्यात शेवटी वहिनी आल्या. खांद्याला कापडी बॅग, व्यवस्थित भरलेली. मी हातात घेतली. सव्वाचार किलो, काट्यावर तेवढीच भरली.

"वहिनी, जायाचं ठरलं म्हना मग."

"नाई ठरलं, भाऊजी. तीन हप्ते झाले भरून ठेवली. रोज एकदा उचलून पाह्यली की बरं वाटते."

त्यांनी बॅग डोक्यावर धरली. दहा श्वास झाले, पंधरा झाले. सिस्टरनी मोजणं थांबवलं तरी त्यांनी खाली ठेवली नाही.

*

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबरावनं वहिनींना दोनदा कसल्या तरी कामासाठी दुपारी दारव्ह्याला पाठवलं. दोन्ही वेळा त्या अंधार पडता पडता परतल्या, तर गोठ्यात बादली भरलेली आणि साहेबराव खाटेवर.

"कशी काढली?" वहिनींनी विचारलं.

"काढली."

"पन कशी?"

"तुले दूध पाह्यजे का ऋषिकेश पाह्यजे?"

निघायच्या सकाळी यवतमाळची गाडी लागली होती. आम्ही मोजून अकरा जण, वहिनींची जागा सिस्टरनी धरून ठेवलेली. मोटारसायकल आली. साहेबरावनं बॅग वहिनींच्या हातात दिली. "बस गाडीत. आठ दिवस इकडं फोन करू नको, चंद्री बिचकते."

एवढं बोलून तो वळला. गाडी निघेपर्यंत पाठच दिसत होती.

*

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार. वहिनींनी खिडकी सोडली नाही. प्रत्येक संध्याकाळी मात्र धारेची वेळ झाली की त्यांची बोटं आपोआप हलायची. साहेबरावचा रोज एक मेसेज यायचा, "निघालं." वहिनी वाचायच्या आणि म्हणायच्या, "खोटं बोलून राह्यला. दूध इकत आनत असन."

आश्रमात एक तरुण साधू हिंदीत बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी गोल बसवून विचारलं, तुम्ही इथे येताना मागे काय सोडून आलात? दिल्लीची एक बाई म्हणाली, क्रोध. एक इंजिनिअर म्हणाला, अहंकार. मी म्हटलं, सहा ग्लास. कोणी मोह सोडला होता, कोणी भूतकाळ.

वहिनींची पाळी आली. त्या म्हणाल्या, "भैंस."

सगळे हसले. साधू हसले नाहीत. म्हणाले, "माताजी, आप अकेली हैं जो सचमुच कुछ छोड़कर आई हैं."

*

सहावा दिवस. संध्याकाळी आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्यात पाय सोडून. वहिनींचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. जाऊबाई होत्या. कुजबुजत म्हणाल्या, "बोलू नको काही. नुसती पाह्य."

त्यांनी फोन मधल्या भिंतीवरून पलीकडे धरला. आम्ही सगळे वहिनींच्या खांद्यावरून वाकलो.

गोठा. चंद्री रवंथ करत उभी. तिच्या पोटाशी वहिनींचं रोजचं निळं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन कोणीतरी बसलेलं. पदराखाली पांढऱ्या मिशा. आणि त्या मिशांमधून एक आवाज येत होता, लांब, एकसुरी, भुंग्यासारखा.

ती भ्रामरी होती. आमच्या हॉलमध्ये सगळ्यात शेवटी होते ती, कान झाकून, ओठ मिटून घुमायचं. वहिनींना घरी वेगळा वेळ नाही, म्हणून त्या रोज धार काढतानाच करायच्या, हे आम्हाला त्या घाटावर कळलं. साहेबरावला ती कोणी शिकवली नव्हती. तो तर इतकी वर्षं बाहेर पाठ करून उभा होता.

बादलीत धारेचा आवाज येत होता, चुर्रर, चुर्रर. गंगेचा आवाज असूनही ऐकू येत होता.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "कान झाकले नाई त्यानं. पन चालते, हात कामात हायेत."

कोणी हसलं नाही. वहिनी बादली भरेपर्यंत पाहत राहिल्या. फेस वर आला, साहेबरावनं पदरानं घाम पुसला, चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. वहिनींनी फोन बंद केला आणि कमरेला खोचला.

मग कंडक्टरकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, बद्रीनाथची गाडी कोठून लागते?"