थंडी, फियाट आणि आमच्या आत्या

किस्से व्हावेत म्हणून कुणी आजारी पडत नाही. पण आमच्या घरात दर थंडीला एकाची तरी भर पडायचीच! आता भिशीला बायका जमल्या की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सुनंदा, तो गाडीचा सांग की!" कुठला गाडीचा? सगळेच गाडीचे!

तर आधी माणसं सांगते. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. नवरा प्रकाश शिरोलीला फौंड्रीत. तिसऱ्या आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. राजारामपुरीतल्या मागच्या गल्लीत माडीवर दोन खोल्या. मला दोन गोष्टी लहानपणापासून चिकटलेल्या. एक गाड्यांचं वेड, दुसरं थंडीचं दुखणं. दिवाळी सरून दिवस आखूड झाले की माझं मन बसायचं. जेवण नको, बोलणं नको, रडायला कारणसुद्धा लागायचं नाही. होळीच्या आसपास आपोआप वर यायचे. लोक म्हणायचे, "थंडीत सगळ्यांनाच आळस येतो." मी म्हणायचे, "आळस न्हाय ओ, अंधार येतो!"

आणि हो, आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो-गेलो'च म्हणतात. मध्येच दचकू नका.

*

वेड कुठून आलं? वडील साखर कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर. बाहुलीऐवजी मला खेळायला जुने स्पार्क प्लग!

बघायचा कार्यक्रम होता. पाहुणे भाड्याच्या गाडीतून आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, मान खाली. प्रकाशच्या वडिलांनी (तेव्हा ते होते) विचारलं, "काय काय येतं, बाळ?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या गाडीचा एक प्लग मारत न्हाय. जाताना घाट हाय, बघून घ्या."

आईनं कपाळाला हात लावला. प्रकाशचे वडील मात्र उठले, बाहेर जाऊन ड्रायव्हरला झापून आले, पोहे संपवले आणि म्हणाले, "पोरगी घेतली. आता गाडीचं तेवढं बघा!"

*

लग्नानंतरची पहिली थंडी. मी आठ दिवस अंथरुणात. शेजारच्या काकू काळजीनं आल्या, पदराआड लिंबू. "बाहेरचं हाय हे. एकदा उतरून टाकूया."

आमचं घर बाबासाहेबांना मानणारं. आत्या दारातच आडव्या आल्या. लिंबू काढून घेतलं, वास घेतला, म्हणाल्या, "चांगलं रसरशीत हाय. आमच्यात लिंबू फक्त मटणावर पिळत्यात! बसा, जेवूनच जावा."

काकू जेवून गेल्या. तांबडा रस्सा दोनदा घेतला!

*

मग आत्याच मला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. नव्वदच्या दशकात तिथं जायचं म्हणजे तोंडावर पदर घेऊन. बाकावर बसले आणि शेजारी पाहते तर आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार अण्णा!

"अण्णा, तुम्ही?"

त्यांचा हात झटकन गालावर गेला. "दाढ. दाढ लई ठणकतीया."

"दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर हायत की."

"व्हय का? चुकलोच मग." उठून दोन पावलं गेले, तेवढ्यात आतून कंपाउंडर ओरडला, "अण्णा, नंबर आला! गेल्या टायमाच्या गोळ्यांनी झोप लागती का?"

अण्णांनी गालावरचा हात काढला नाही. म्हणाले, "लागती की. दाढंलापण!"

माझा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "आवडतं काय तुम्हाला?"

"गाड्या."

"वा! जुनी की नवीन गाणी?"

"गाणी न्हाय ओ, गाड्या! चार चाकांच्या!"

डॉक्टर हसले. म्हणाले, "मग गोळ्या घ्या, आणि रोज सकाळी उन्हात गाडी काढा. दोन्ही. एक सोडून दुसरं चालणार नाही."

प्रिस्क्रिप्शनवर गाडी! मी तिथंच निम्मी बरी झाले!

*

फियाट घेतली. आम्ही तिचे चौथे मालक. ऊन वर आलं की मी प्रकाशला शिरोलीला सोडायला निघायचे, तिथून माझं ऑफिस. प्रकाशला गाडी येत नाही. तो मागं बसायचा, कारण पुढची सीट डुगडुगायची.

पहिल्या दिवशी गेटवर नवा वॉचमन. मागं टेकून बसलेला माणूस, पुढं ड्रायव्हर. त्यानं गेट सताड उघडलं आणि कडक सलाम ठोकला. प्रकाश डबा घेऊन उतरला आणि कामगारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला!

तेव्हापासून अख्खी फौंड्री त्याला 'मालक' म्हणते. खरे मालक एकदा त्याच्यावर खेकसले, तर मागून आवाज आला, "मालकांना बोलायचं काम न्हाय!"

*

सगळे दिवस असे नव्हते. एका सकाळी स्टिअरिंगवर बसले आणि किल्ली फिरवायला हात उचलेना. नुसतं पाणी डोळ्यांतून. काच टकटकली. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे सलीमभाई.

"बॅटरी उतरली व्हय?"

"गाडीची न्हाय, भाई. माझी."

सलीमभाईंनी बाह्या सरसावल्या. मग गल्लीकडं तोंड करून ओरडले, "या रं! धक्का द्यायचा हाय!"

अण्णा आले, दूधवाला आला, लिंबूवाल्या काकू आल्या. गाडीला काही झालेलं नव्हतं. किल्ली फिरवली असती तर एका झटक्यात सुरू झाली असती. पण गल्लीनं चौकापर्यंत ढकलली. मग मला किल्ली फिरवून क्लच सोडावाच लागला!

*

इचलकरंजीला लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत प्रकाशच्या मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येड्याच्या डॉक्टरकडं जातीस म्हणं?"

पंगतीतल्या माना वळल्या. प्रकाश ताटात बघायला लागला. मी जिलेबी खाली ठेवली.

"व्हय मावशी, जातो की! सोमवारी नंबर हाय माझा. मी लपून जात न्हाय, हॉर्न वाजवत जातो. मागची सीट मोकळी हाय, येता?"

मावशींनी तोंड फिरवलं. आम्ही निघालो, गाडी सुरू केली, तर मावशी एकट्याच खिडकीशी आल्या. इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सोमवारी किती वाजता निघतीस?"

*

आता शेवटचा. नवीन शतक लागलं होतं आणि ती थंडी सगळ्यांत वाईट. गोळ्या चालू होत्या, तरी मी उठणं सोडलं. गाडीवर धूळ. प्रकाश समजावून थकला.

एका सकाळी खालून हॉर्न. थांबेचना! चादर गुंडाळून खिडकीत गेले, तर स्टिअरिंगवर आत्या. नऊवारी खोचलेली, चष्मा नाकावर.

"आत्या, काय करताय?"

"गाडी शिकतोय! खाली ये, न्हायतर माझी मी शिकतो!"

किल्ली त्यांच्याकडंच होती. मी चादरीसकट पळत खाली. मीच गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर नेली आणि मग जागा बदलली. आत्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. पहिला गिअर, क्लच सुटला, आणि फियाट उड्या मारत निघाली. फिरायला आलेले दोन म्हातारे मैदानाच्या कठड्यावर चढून बसले!

एक फेरी झाली. दुसरी झाली.

"आत्या, बास आता! क्लच दाबा, ब्रेक दाबा!"

"ब्रेक कुठला ते ठाऊक हाय मला. तू उद्यापासनं उठतीस का सांग, मग दाबतो!"

"आत्या, कठडा आला!"

"उठतीस का?"

"उठतो! उठतो!"

"रोज?"

"रोज!"

"होळीपातुर?"

"होळीपातुर, आत्या! दाबा!"

आत्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि आणखी एक फेरी मारली.